टीव्हीवरचा सोपानदादा

मागच्या आठवड्यात तो व्हिडिओ परत फिरायला लागला. एका दिवसात आठ जणांनी मला पाठवला, त्यातल्या दोघांना तर मी ओळखत पण न्हाई. गालिचा घातलेलं स्टेज, चारी बाजूंनी मेणबत्त्या, मधी उंच स्टुलावर बसून गाणारी ईशानी, अन् तिच्या डाव्या अंगाला पांढऱ्या शर्टातला, तिच्याकडं बघत गिटार वाजवणारा माणूस. खाली लोकं लिहून राह्यलेत. ‘हे काका कोण आहेत?’ ‘काकांनी रडवलं.’ ‘बोटांत जादू आहे.’ मी तीनदा टाईप केलं, तीनदा पुसलं. मंग म्हणलं हे एका ओळीत बसणारच न्हाई, सगळं लिहूनच काढावं. सोपानदादाला मेसेज केला, लिहू का म्हणून. जवाब आला, ‘लिही. आईपुढं कोणी वाचू नका म्हणजे झालं.’

तर वाचा. पण कौसामावशीपुढं, म्हणजे त्याच्या आईपुढं, न्हाई.

आमची गल्ली जालन्यात, एमआयडीसीला जायच्या रस्त्यावर. अर्धी गल्ली मिलमधी कामाला. सोपानदादा पण. लोखंड भट्टीत लाल करायचं, मोठ्या रोलांमधून काढायचं, अन् त्याच्या सळया करायच्या. मी एकदा बाहेरच्या फाटकापाशी पाच मिनिटं उभी राह्यले तर माझे दात हालून राह्यल्ते. आतमधी कोणी कोणाशी बोलतच न्हाई, बोलून उपेग न्हाई. सगळं हातानं. मूठ आपटली म्हणजे थांब. दोन बोटं गळ्यापाशी म्हणजे पाणी. तळहात कपाळावर म्हणजे साहेब आला. चौदा वर्षं हीच भाषा बोलून बोलून त्याचे हात घरी आल्यावर पण गप बसायचे न्हाईत. किराणा दुकानात जायचा अन् तोंड न उघडता मूठ, बोट, तळहात दाखवायचा, दुकानदार बराबर अर्धा किलो साखर अन् चहापत्ती काढून द्यायचा. दुकानदार म्हणायचा, “हे गिऱ्हाईक मला फार आवडतं. भाव करत न्हाई.”

अन् जे बोलायचे ते ओरडून बोलायचे. पूर्ण गल्लीच तशी. आमच्याकडं पाहुणे आले की विचारायचे, इथं भांडण चालू आहे का. आम्ही म्हणायचो, न्हाई, शेजारी मीठ मागून राह्यलेत.

हे सगळं एवढं सांगून राह्यले, कारण पुढं जे झालं ते अशा गल्लीतच होऊ शकतं.

दादाची माणसं मूळची परतूरकडची. बाप मेंढरं घेऊन फिरायचा, नंतर थोडी जमीन केली. कौसामावशी एक गोष्ट कोणालाही सांगायची, ओळख असो की नसो. “सोपान पाच वर्साचा होता. मेंढी वरडली की ह्यो खोपीतून सांगायचा, कोणती हाये ती. दीडशे मेंढरं. एकदा बी चुकला न्हाई. माझ्या लेकराचा कान म्हंजे कान हाये बाई.” दादा लाजून उठून जायचा. मावशी त्याच्या पाठीकडं बघत म्हणायची, “त्यो कान मी दिला त्याला. त्याच्या बापाला तर हाक मारली तरी ऐकू जायचं न्हाई.”

गिटार त्याला मिलमधल्या एका इंजिनिअरकडून मिळालं. साहेबाची बदली झाली, सामानात जागा उरली न्हाई, गिटार राहून गेलं. शिकवायला कोणी नव्हतं. शिकवलं टीव्हीनं. गाण्याच्या एका चॅनलवर रविवारी सकाळी तो कार्यक्रम लागायचा, ज्यात मोठमोठे रॉकवाले अन् पॉपवाले वीज लागणारं सगळं बाजूला ठेवून लाकडी गिटारं घेऊन बसायचे. जी गाणी एरवी ओरडून म्हणायचे तीच हळू म्हणायचे. दादा पार वेडा होता त्याच्यासाठी. सुट्टी रविवारचीच घ्यायचा. टीव्हीपुढं मांडी घालून बसायचा, आवाज मोठा करायचा, अन् कोणी मधी बोललं तर मूठ आपटायचा.

मी कॉलेजला असताना त्याच्याकडं गिटार शिकायला लागले. खताच्या दुकानावर एक खोली होती, रविवारी दुपारी आम्ही चौघं-पाच जण. आधी तो त्या कार्यक्रमाचा एक भाग लावायचा अन् म्हणायचा, “गाणं ऐकू नका. गाण्याच्या मधलं ऐका.” मंग एकदम बोट वर करायचा. “आता. ऐकलं का? तारेवर बोट घासल्याचा आवाज. चुंइक. ते लपवता येत न्हाई. त्यानं श्वास घेतला तो पण ऐकू आला. वीजवाल्या गाण्यात हे सगळं दबून जातं.” आम्हाला काहीच ऐकू यायचं न्हाई, पण आम्ही मान हालवायचो. त्याला ते बराबर कळायचं. “पल्ले,” मला म्हणायचा, “मान हालवायचे पैसे न्हाई लागत म्हणून हालवून राह्यली का?”

मोबाईलवर सूर जुळवायचं ॲप निघाल्तं, त्याला तर आमच्या क्लासात बंदीच होती. “कान असून आंधळ्यासारखं बघून जुळवता?” त्याचं म्हणणं वाकडं असायचं पण पटायचं.

अन् त्याची बसायची पद्धत. गिटारच्या खांद्यावर हनुवटी टेकवायचा, नुसती टेकवायचा न्हाई, दाबायचा, अन् डोळे मिटायचा. लेकराला थोपटून राह्यला असं वाटायचं. आम्ही सगळे तसंच करायला लागलो. पाच जणं एका रांगेत हनुवट्या टेकवून बसलेले. खालचा खतवाला वर आला, बघितलं, अन् म्हणला, “दात दुखून राह्यलेत का सगळ्यांचे?”

दादाची ही पद्धत आधीपासून नव्हती, मधीच कधीतरी सुरू झाली, हे मला आता आठवतं. तवा न्हाई आठवलं. तवा म्हणलं, काय स्टाईल आहे यार.

गणपतीत अन् लग्नात तो एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. स्टेजवर चढायच्या आधी चप्पल काढायचा. लोकांना लई भारी वाटायचं, बघा, कलेला देव मानतो. एकदा एका पुढाऱ्यानं भाषणात ते सांगितलं पण. फळ्यांचं स्टेज, बाजूला माणसाएवढे स्पीकर, अन् दादा अनवाणी पायानं फळीवर ठेका धरून मस्त वाजवून राह्यला. एक सूर हुकायचा न्हाई. मी पहिल्या रांगेत उभी राहून शिट्ट्या मारायचे.

मंग एका रविवारी क्लासात तो मोबाईल काढून गिटारला लावून बसला. ॲपवर काटा बघून तारा पिळून राह्यला. मी म्हणलं, “दादा, बंदी उठली का?” त्यानं ऐकलंच न्हाई. परत म्हणलं. मंग माझ्याकडं बघितलं अन् म्हणला, “जमान्यासोबत चालावं लागतं.” त्या दिवशी कार्यक्रमाचा भाग लावला, पण बोट काही वर केलं न्हाई. पूर्ण गाणं संपलं. मी म्हणलं, आज चुंइक न्हाई का? तो म्हणला, “होतं की. तुमच्यासाठी सोडलं.”

मी खूश झाले. म्हणलं, आता आपण तयार झालो, म्हणून सोडलं.

आता माझी करामत. मला कोणती चांगली गोष्ट दिसली अन् मी ती पाच मिनिटांत इंटरनेटवर टाकली न्हाई असं होतच न्हाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा गच्चीवर एकटा वाजवून राह्यल्ता, हनुवटी गिटारवर, मागं मिलच्या चिमण्या, अन् स्वतःची बांधलेली धून. मी मोबाईलवर काढलं अन् टाकलं. चार दिवसांत ते कुठल्या कुठं गेलं. अन् एक दिवस ‘उलटा पंखा’ बँडच्या ईशानीचा मेसेज आला. ती ईशानी, जिच्या गाण्यावर आमचं पूर्ण कॉलेज नाचतं. टीव्हीवरच्या त्याच कार्यक्रमात त्यांचा भाग होणार होता, वीज न लावता, अन् तिला एका गाण्यात दादा पाह्यजे होता.

मी पळत गेले. त्याला मेसेज दाखवला. तो दोनदा वाचला, मोबाईल उलटा करून बघितला, जसं काही मागं अजून लिहिलेलं असंल. मंग म्हणला, “पल्ले, हे खरं आहे ना? गंमत करून राह्यली असशील तर आत्ता सांग. आईला सांगितलं की माघारी घेता येणार न्हाई.”

मावशीला सांगितलं. तिनं मेंढरांची गोष्ट सांगितली.

मुंबईला आम्ही तिघं गेलो, दादा, मावशी अन् मी. सकाळची प्रॅक्टिस झाली एका बारक्या खोलीत, ढोल, मोठे स्पीकर, सगळे जवळजवळ. दादानं झकास वाजवलं. ईशानी त्याच्या पाया पडली. म्हणली, “दादा, तुमच्यामुळं गाण्याला जमीन मिळाली.” दादानं माझ्याकडं बघितलं, मला वाटतं तेवढा खूश मी त्याला कधीच बघितला नव्हता.

मंग स्टेज. स्टेजवर जाड गालिचा. दादानं चप्पल काढली, पाय ठेवला, पाय उचलला, परत ठेवला. स्टूल उंच, पाय टेकायला बारीक दांडी. स्पीकर एक पण न्हाई. समोर दोनशे माणसं अन् कोणी खोकत पण न्हाई. मी असली शांतता आयुष्यात ऐकली नव्हती, जालन्यात ती मिळतच न्हाई.

त्याच्या कानात बारीक इअरफोन घातला. आवाजाच्या टेबलावर एक दाढीवाला माणूस होता, त्यानं इशारा केला, बराबर आहे का? दादानं हात वर केला, वाढव. त्यानं वाढवला. दादाचा हात वरच. परत वाढवला. हात वरच. मी त्या टेबलाच्या मागंच बसल्ते. दाढीवाला शेजारच्याला म्हणला, “अरे, पूरा खोल दिया है मैंने. इतने में तो आदमी कान निकालके फेंक देगा.”

हनुवटी, पाय, ॲप, चुंइक. सगळं एकाच वेळी समोर आलं, अन् मी तिथं खुर्चीत बसलेली, काय करणार. उठून ओरडू? कोणाला? काय?

गाणं सुरू झालं. दादानं हनुवटी गिटारवर टेकवली. लगेच थांबवलं, कारण गिटारपुढच्या माईकमधी दाढी घासल्याचा आवाज येऊन राह्यल्ता. दाढीवाल्यानं हातानं दाखवत म्हणलं, “दादा, प्लीज, थोडी ऊपर.” हनुवटी वर घेतली. आता त्याच्याकडं फक्त डोळे उरले. तो ईशानीच्या ओठांकडं बघून वाजवायला लागला. दोन कडवी बराबर गेली, मी देवाचं नाव घेऊन राह्यल्ते. दुसऱ्या कडव्यानंतर ईशानीनं तोंड फिरवलं, लोकांकडं. झालं. दादा एक मात्रा मागं पडला, अन् त्याला कळलंच न्हाई. तो तसाच मागं मागं वाजवत राह्यला, चेहरा एकदम शांत. बाकीचे एकमेकांकडं बघायला लागले.

परत केलं. परत तिथंच. तिसऱ्यांदा पण तिथंच. मावशी माझ्या शेजारी पदरात हात धरून बसल्ती. म्हणली, “एवढ्या येळा कामून गाऊन राह्यलेत गं?”

“टीव्हीत असंच असतं मावशी.”

“मंग लेकराला पाणी तरी द्या म्हणावं.”

तिसऱ्या वेळेनंतर ईशानी म्हणली, “एकदम मस्त दादा, झालं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं तिच्याकडं न बघता लांबून मला शोधलं अन् भुवया उचलल्या. कसं झालं? मी दोन्ही हात पुढं करून तळवे खाली दाबले. मिलच्या भाषेत त्याचा अर्थ, माल सरळ निघाला.

जिन्यात दाढीवाला भेटला. चांगला माणूस होता, त्याच्यावर माझा राग न्हाई. म्हणला, “टेन्शन मत लो. वह हिस्सा हमारा बंदा दुबारा बजा देगा, ऊपर से बिठा देंगे. किसी को पता नहीं चलेगा.” मी म्हणलं, “थँक्यू.” अजून पण मला त्या थँक्यूची लाज वाटते, पण दुसरं काय म्हणायला पाह्यजे होतं ते मला आजपर्यंत सुचलं न्हाई.

परतीच्या गाडीत मावशी झोपली. दादा खिडकीपाशी. माझ्याकडं वळून म्हणला, “पल्ले, तिथं लई शांत होतं.”

मी मान हालवली.

“मिलमधी मी बराबर असतो. कोणालाच ऐकू येत न्हाई ना तिथं. सगळे सारखे. स्टेजवर पण पायातून येतं, छातीतून येतं. मला वाटलं, थोडं कमी झालं असंल, वय झालं.” मंग हसला. “शांततेत बसलो तवा कळलं, काहीच न्हाई तिथं. ईशानी नुसती तोंड उघडून राह्यली.”

मी म्हणलं, “दादा, डॉक्टर.” मोठ्यानं म्हणलं, डब्यातली माणसं बघायला लागली.

“जाऊ. आईला सांगू नको. तिला वाटतं तिनं दिलेली वस्तू आहे ती. मोडली म्हणून कसं सांगू.”

अन् मंग त्यानं विचारलं, “पण वाजलं ना बराबर?”

मी परत तळवे दाबले. दुसऱ्यांदा.

डॉक्टरकडं मी सोबत गेल्ते. काचेच्या पेटीत बसवलं, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. दादा बटणावर अंगठा ठेवून बसला. मी बाहेरून बघून राह्यले. अंगठा हालतच न्हाई. नंतर डॉक्टरीणबाई माझ्याकडंच बघून बोलायला लागल्या, मी म्हणलं, त्यांच्याकडं बघून बोला, त्यांना ओठ कळतात. त्या म्हणल्या, मशीननं बोलणं थोडं सुधरंल, पण जे बारीक आवाज गेलेत ते परत येत न्हाईत, अन् संगीताचं मी काही सांगू शकत न्हाई. दादा म्हणला, “मिलमधी सगळ्यांचेच कान असे असतील का हो?” बाई म्हणल्या, बऱ्याच जणांचे असू शकतात. तो म्हणला, “मंग तपासायला कोणी येत कामून न्हाई?” अन् स्वतःच जवाब दिला, “कोणाला कळतच नसंल. आम्ही सगळे हातानंच बोलतो.”

मशीन घेतलं. टोपीखाली घालायचा. क्लास बंद केला, आम्हाला सांगितलं शिफ्ट बदलली.

मंग तो भाग टीव्हीवर लागला, रविवारी सकाळी दहाला. मावशीनं पूर्ण गल्ली बोलावली. खोलीत मावंना इतकी माणसं, दारात चपलांचा ढीग, पोरं खिडकीत. दुकानदार पेढे घेऊन आला. मावशी नवं लुगडं नेसून टीव्हीला चिकटून बसल्ती. मला महिनाभर झोप न्हाई. पण मी स्वतःला समजावून ठेवलं होतं की त्याला कुठं ऐकू येणार आहे. तो स्वतःला टीव्हीवर बघंल, लोकं टाळ्या वाजवतील, संपलं. हे बरंच झालं, असं पण मी म्हणले एकदा मनात. देवा, माफ कर.

गाणं लागलं. दादा पडद्यावर आला तसा मोठा गलका झाला, मंग सगळे गप. मी दादाकडं बघितलं. तो टीव्हीकडं बघतच नव्हता. भिंतीला टेकून उभा होता अन् लोकांच्या तोंडांकडं बघून राह्यल्ता. एकेकाच्या. दुकानदार, खतवाला, मिलमधले दोघं, मी. पहिलं कडवं. दुसरं कडवं. दुसऱ्या कडव्यानंतर ईशानीनं तोंड फिरवलं. दादानं टीव्हीकडं एक नजर टाकली, स्वतःच्या बोटांकडं, अन् परत जल्दी लोकांकडं. सगळ्यांचे चेहरे तसेच, हसरे, डोळे भरलेले. कोणाची मान पण हालली न्हाई.

गाणं संपलं. टाळ्या. मावशी रडून राह्यली, बाया तिला धरून राह्यल्या. दादा माझ्यापाशी आला.

“दुसऱ्या कडव्यानंतर मी चुकलो होतो,” तो म्हणला. हळू म्हणला, त्याला जेवढं हळू जमतं तेवढं. “मला तिथं काही कळलं नव्हतं. आत्ता बोटं बघून कळलं. ईशानीच्या मागं पडलेत. अन् कोणाचंच तोंड वाकडं झालं न्हाई.”

मी दारातल्या चपलांकडं बघितलं.

“कोण वाजवून राह्यलं ते?”

“त्यांच्यातलाच एक आहे,” मी म्हणलं, अन् ओठ नीट हालवले, म्हणजे परत विचारावं लागू नये.

“चांगलं वाजवलं का त्यानं?”

“हो दादा.”

त्यानं मान हालवली. रागावला न्हाई. रागावला असता तर मला काहीतरी करता आलं असतं, रडता तरी आलं असतं.

लोकं उठली. मावशी दारात उभी राहून एकेकाच्या हातावर पेढा ठेवून राह्यली. दादा तिच्या बाजूला जाऊन उभा राह्यला. जो तो जाताना म्हणून राह्यला, “सोपान, लई भारी वाजवलं.” “काय वाजवलं रे बाबा.” “नाव काढलं गल्लीचं.” तो प्रत्येकाच्या ओठांकडं बघायचा, वाक्य पूर्ण होऊ द्यायचा, अन् हात जोडायचा. पंचवीस-तीस जण असतील. एकाला पण चुकवलं न्हाई. मावशी दर वेळी त्याच्याकडं वळून बघायची.

माझा नंबर आला. दुसऱ्या दिवशी मला परभणीला नोकरीवर हजर व्हायचं होतं, अन् पुढच्या महिन्यात ते दोघं परतूरकडं शेतावर राहायला गेले, म्हणून त्याला मी बघितलं ते हेच शेवटचं. मावशीनं पेढा दिला. मी उभी. मागं लोकं थांबलेली.

“तू पण म्हण ना,” दादा म्हणला. “आई बघून राह्यली.”

मी म्हणायला गेले, आवाज फुटला न्हाई, नुसते ओठ हालले. त्यानं ते पूर्ण वाचलं, अन् हात जोडले.